अंगठ्यासकट संपूर्ण

जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती वाचताना मला सर्वांत जास्त वेळा कोण भेटलं असेल, तर एक अंगठा. टिळक, आगरकर, हरि नारायण आपटे ही मंडळी आपापल्या पुस्तकापुरती येतात नि जातात. अंगठा सगळीकडे असतो. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, पुस्तक मिटू नये म्हणून घट्ट दाबून धरलेला, नख नीट कापलेलं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि हा अंगठा पानाच्या शेवटी येतो. त्यामुळे कादंबरी ऐन रंगात आलेली असताना रावसाहेबांनी तिचा हात हातात घेऊन, इथपर्यंत आपण धापा टाकत पोचतो, आणि पुढे रावसाहेबांनी त्या हाताचं काय केलं हे फक्त अंगठ्याला ठाऊक असतं.

या अंगठ्याचा मालक बहुधा ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’च्या एखाद्या केंद्रात बसून पानं उलटत असावा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा लाख पुस्तकं स्कॅन करायचा बेत आखला, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इकडची बाजू सांभाळली, आणि ठिकठिकाणी केंद्रं उघडून कपाटांतली पुस्तकं यंत्राखाली जाऊ लागली. ते संकेतस्थळ पुढे बंद पडलं. पण तोवर तिथली लाखो पुस्तकं सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर मुक्कामाला गेली होती. ही संस्था ब्रूस्टर केल नावाच्या गृहस्थांनी 1996 मध्ये काढली. तिचं कार्यालय एका जुन्या चर्चमध्ये आहे आणि तिथे तीन वर्षं नोकरी केलेल्या माणसाची छोटी मातीची मूर्ती करून प्रार्थनेच्या बाकांशी उभी करतात. आपल्याकडे तीस वर्षांच्या नोकरीनंतर शाल, श्रीफळ आणि चौथ्या दिवशी बंद पडणारं भिंतीवरचं घड्याळ मिळतं. आमच्या अंगठेवाल्याची तर मूर्तीही नाही. त्याने स्वतःच स्वतःची सोय करून ठेवली, हे बरंच केलं.

या पुस्तकांची नावं रोमन लिपीत नोंदवलेली आहेत. नोंदवणाऱ्याचा नियम कडक: ‘आ’ आला की दोन ए, ‘ई’ आली की दोन आय, आणि ‘ण’, ‘ठ’, ‘ळ’ अशी अडचणीची मंडळी दिसली की मध्येच एक आडवी रेघ नाहीतर वरच्या वर लटकलेला स्वल्पविराम. हा नियम शेजारच्या टेबलावर मात्र कोणी कळवला नव्हता. त्यामुळे एकाच ग्रंथाचे चार खंड चार नावांनी चार ठिकाणी नांदतात, वाटण्या झालेल्या भावांसारखे. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ही मालिका 1898 पासून प्रसिद्ध केली, तिचे 22 खंड आहेत. ते कागद मिळवायला राजवाडे गावोगाव पायपीट करत हिंडले. उंदीर, वाळवी आणि कागदाला हात लावू न देणारे वाडेवाले अशा तीन शत्रूंशी ते एकाच वेळी झुंजले. आजच्या संशोधकाला ते 22 खंड गोळा करताना फक्त स्पेलिंगशी झुंजावं लागतं. पण वाळवीच्या खाण्याला निदान काही पद्धत असते.

लेखकाच्या रकान्यात प्रकाशक, प्रकाशकाच्या रकान्यात छापखाना आणि सालाच्या रकान्यात शून्य, हेही नेहमीचंच. इथे आपण लगेच ‘आपल्याकडे हे असंच’ म्हणून उसासा सोडायला तयार असतो, म्हणून सांगून ठेवतो: खुद्द गूगलच्या पुस्तकसंग्रहात एके काळी 1899 हे साल इतकं सुपीक होतं की 1947 मध्ये जन्मलेल्या स्टीफन किंगची एक कादंबरीही त्याच साली प्रसिद्ध झाल्याची नोंद होती. जेफ्री ननबर्ग या भाषाशास्त्रज्ञाने 2009 मध्ये ही सगळी गंमत जाहीरपणे वेशीवर टांगली. जन्माआधी 48 वर्षं कादंबरी छापून आणणं आपल्या नवलेखकांनाही अजून जमलेलं नाही. आणि गूगलच्या पानांवरही अंगठे आहेतच; फक्त त्यांना गुलाबी रबरी टोप्या घातलेल्या असतात. पैसेवाल्यांचे अंगठे ते!

आता पान यंत्राला वाचता यावं, म्हणजे आपल्याला त्यात शब्द शोधता येईल, ही पुढची पायरी. बरीच वर्षं इंटरनेट अर्काइव्हवर मराठी पुस्तकाखाली एक शेरा असायचा; त्याचा अर्थ असा की, या भाषेचं अक्षरवाचन सध्या शक्य नाही. शेरा वाचून मला लहानपणीच्या प्रगतिपुस्तकाची आठवण व्हायची. मग यंत्रं शिकली. देवनागरी वाचू लागली. पण जुन्या मराठीत पाऊल टाकताच त्यांची गाठ अनुस्वाराशी पडली. 1962 च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार कायमचे घरी बसवले. त्याआधीच्या पुस्तकांत एकेका ओळीच्या डोक्यावर ते पाच-सहा तरी असायचे. कागदही जुना. त्यावर शाईचे शिंतोडे, बुरशीचे ठिपके, आणि शंभर पावसाळ्यांत येऊन गेलेल्या माश्यांनी आपापल्या परीने घातलेली भर. यंत्रापुढे टिंबंच टिंबं. लेखकाचं कुठलं आणि माशीचं कुठलं, हे ठरवायला व्याकरण यावं लागतं; यंत्र सरसकट सगळ्यांना अनुस्वार म्हणून मान्यता देतं. मराठी शुद्धलेखनाच्या वादात आजवर पुष्कळांनी उडी घेतली आहे, पण माशीचं मत विचारात घेणारं हे पहिलंच व्यासपीठ.

हे सगळं तक्रारीच्या सुरात म्हणतोय असं वाटत असेल तर तसं नाही. माझं म्हणणं उलट आहे. कॅमेऱ्याला पुस्तक आणि पुस्तकावरचा डाग यांतला फरक कळत नाही, ही डिजिटल ग्रंथालयांची आपल्यावर झालेली सर्वांत मोठी कृपा आहे. माणूस निवड करतो, आणि निवड करताना नेमकी मजेची गोष्ट टाकून देतो. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तेव्हा तिच्यात मजकूर येतो, विद्वानाची प्रस्तावना येते, परिशिष्टं येतात. मागच्या पानावरची जाहिरात येत नाही. ‘सर्व हक्क स्वाधीन’ आणि ‘टपालहशील निराळें’ येत नाही. शक्तिवर्धक गुटिकांची ती जाहिरात तर हमखास गळते, जी मोक्षावरच्या ग्रंथाच्या पाठीला लावलेली असायची आणि जिच्यावरून त्या ग्रंथाचा वाचकवर्ग मोक्षाबद्दल किती गंभीर होता हे कळायचं. कॅमेरा मात्र सगळं घेतो. समोर आलं ते टिपलं.

शिक्क्यांचंच बघा. महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयं जुनी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं, रत्नागिरीचं तर त्यांच्याही कितीतरी आधीचं. आणि जिथे वाचनालय, तिथे शिक्का. ग्रंथपालाच्या हाती जांभळ्या शाईचा शिक्का आला की त्याच्यात काय संचारतं कोण जाणे. मुखपृष्ठावर शिक्का, शीर्षकपानावर शिक्का, लेखकाचं छायाचित्र असेल तर नेमका लेखकाच्या कपाळावर शिक्का. शिवाय प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. पुस्तक चोरणाऱ्याने पुढची-मागची पानं फाडली तरी ओळख पटावी म्हणून आतल्या एका ठरावीक पानावर शिक्का मारायचा, तो आकडा बाहेर फोडायचा नाही, असा रिवाज. स्कॅन केलेली पुस्तकं ओळीने चाळली की हे गुपित आपोआप फुटतं. एका वाचनालयाचं गुप्त पान मला कळलेलं आहे. आकडा सांगणार नाही. कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

आणि वाचक! छापील मजकुराला उत्तर दिल्याशिवाय पान उलटायचं नाही, असा मराठी वाचकाचा बाणा होता. समासात पेन्सिलीने आधी एक बारीक रेघ येते. पुढच्या पानावर ‘खरें आहे’. त्यापुढे ‘हें कशावरून?’. मग दुसरं अक्षर सुरू होतं, टपोरं आणि शाईतलं: ‘वरील शेरा मारणाराने ग्रंथ समजून घ्यावा.’ तिसरा गृहस्थ येऊन दोघांनाही ‘सार्वजनिक पुस्तकांत लिहू नये’ अशी समज देतो, ती अर्थात त्याच सार्वजनिक पुस्तकात लिहून. असा वाद मी एका वेदान्तावरच्या पुस्तकात सलग वाचला. मूळ ग्रंथकर्ता ब्रह्म एकच आहे हे सिद्ध करत खालून चालला होता आणि वर समासात तीन माणसं एका ओळीवर एकमत करू शकत नव्हती. ग्रंथ मी पूर्ण केला नाही. समास पूर्ण केला.

पाककृतींच्या जुन्या पुस्तकांत वाचक लिहीत नाहीत, सांडतात. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ 1910 चं. हजार पाकक्रिया म्हटल्यावर छातीच दडपते. पण अशा पुस्तकाची वापरातली प्रत हातात आली तर घाबरायचं कारण नसतं. ज्या पानावर हळदीचं बोट उठलंय, तुपाचा पारदर्शक डाग पडलाय, तो पदार्थ त्या घरात खरोखर होत होता. कोरी करकरीत पानं राहतात ती कौतुकाच्या पदार्थांची, जे फक्त वाचून ‘एकदा करायला हवं’ म्हणायचं असतं. दहा-बारा डागांत त्या घराचा वर्षभराचा स्वयंपाक कळतो. दुर्दैव असं की सुरुवातीच्या काळातलं बरंचसं स्कॅनिंग निव्वळ काळं-पांढरं झालं. हळद काळी, तूप काळं, चहा काळा. त्यामुळे एखाद्या श्रीखंडाच्या कृतीवर काळाकुट्ट डाग दिसतो आणि तिथे केशर सांडलं की दिवा कलंडला, याचा निकाल लागत नाही. मला विचाराल तर पाकशास्त्राच्या पुस्तकांचं रंगीत स्कॅनिंग पुन्हा करावं, यासाठी एखादी समिती नेमायला हरकत नाही. समितीला अल्पोपाहार असावा.

पण हे झालं नकळत साठलेलं. माणसांनी जाणूनबुजून, पगार घेऊन गोळा केलेल्या गोष्टी पाहिल्या की कॅमेऱ्याचं अप्रूप कमी होतं. यातला माझा सर्वांत आवडता प्रकार म्हणजे ग्रिअर्सन यांचं भारतीय भाषांचं सर्वेक्षण. जॉर्ज ग्रिअर्सन हे आयसीएस अधिकारी. देशातल्या भाषा मोजायच्या असं त्यांनी मनावर घेतलं आणि 1903 ते 1928 या काळात 11 खंड काढले; 179 भाषा आणि 544 बोली. आता बोलींची तुलना करायची तर सगळीकडून एकच मजकूर यायला हवा. म्हणून ग्रिअर्सननी बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट निवडली. कारणही देऊन ठेवलंय: या गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामं येतात, बहुतेक विभक्त्या येतात आणि तिन्ही काळ येतात. म्हणजे पोरगा उधळ्या असला तरी व्याकरणाच्या दृष्टीने कुलदीपक.

फर्मान सुटलं. जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांनी आपापल्या मुलखातली माणसं गाठून ही गोष्ट त्यांच्या बोलीत उतरवून घेतली. मराठीचा खंड सातवा, 1905 चा, तयार केला स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने. तो आज स्कॅन होऊन घरबसल्या मिळतो, आणि मी तो कादंबरीसारखा वाचतो. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो, पैसा घेऊन परमुलखात जातो, सगळा उडवतो, दुष्काळ पडतो, शेवटी डुकरं राखायची पाळी येते. बाणकोटीत उडवतो, संगमेश्वरीत उडवतो, कुडाळीत उडवतो. वाटतं, वऱ्हाडीत तरी शहाणा होईल. तिथेही उडवतो. नागपुरीकडे जावं, हळबीकडे जावं, तोच प्रकार. अख्ख्या मुलखात एकाही बोलीत त्या पोराला पैसा टिकवता आलेला नाही. प्रत्येक वेळी वाटणी देताना बाप तेवढाच भाबडा, आणि परत आल्यावर गळ्यात पडताना तेवढाच हळवा.

मला मात्र खरी सहानुभूती थोरल्याबद्दल वाटते. हा घरीच राहिला, शेत कसत राहिला, बापाचा शब्द मोडला नाही, आणि संध्याकाळी दमून येतो तर घरात वाजंत्री. कसली? धाकटे परत आले म्हणे, सगळं फुंकून. थोरला दारातच रुसून बसतो आणि विचारतो की मला कधी मित्रांबरोबर जेवायला साधं करडूसुद्धा दिलं नाहीत. हा प्रश्न कोकणापासून विदर्भापर्यंत बोलीबोलीत नोंदवून, छापून, बांधून ठेवलेला आहे. बापाचं उत्तर सगळीकडे गुळमुळीत. मराठीत वाटणीच्या दाव्यांवर एवढं मोठं आणि इतक्या बोलींतलं साहित्य दुसरं नसावं, आणि ते व्याकरणाच्या कपाटात ठेवलंय. बायबलमधली ती मेजवानी पुष्ट वासराची. इथल्या लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून शब्दांत किरकोळ फेरफार केल्याचं ग्रिअर्सननी नमूद केलं आहे. थोडक्यात, सरकारी हस्तक्षेपाने वासराची बाजू काहीशी सावरली. थोरल्याच्या बाजूने कोणी हस्तक्षेप केला नाही.

शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’त या सर्वेक्षणाच्या निमित्ताने निघालेल्या तबकड्याही ऐकायला मिळतात. त्याच ठिकाणी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीचा. छापील कोशात मराठी शब्दावरून अर्थ शोधायचा. इथे उलट दिशेनेही घुसता येतं. इंग्रजीत एखादा दुर्गुण टाका, आळस म्हणा, मूर्खपणा म्हणा, कंजूषपणा म्हणा; मराठी शब्दांची ही रांग लागते. सद्गुण टाकून पाहा, रांग आखूड होते. मोल्सवर्थ साहेबाला आपण कसली माणसं पुरवली होती, कोण जाणे.

गॅझेटिअरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण एकदा त्यात शिरलं की संध्याकाळ होते. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली 1880 च्या आसपास मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटिअर निघाली. ती महाराष्ट्र शासनाने संकेतस्थळावर ठेवली आहेत. त्यांत किल्ले, नद्या, लेणी आहेतच. शिवाय जिल्ह्यात नांगर किती, गाड्या किती, बैल किती, शेळ्या-मेंढ्या किती, याचे आकडे आहेत. पुण्याच्या गॅझेटिअरात एकेका जातीच्या घरात भांडीकुंडी काय असतात आणि बारसं, लग्न, अंत्यविधी यांना किती रुपये खर्च येतो हेही आहे. आणि हे झाल्यावर त्या संपूर्ण जातीचा स्वभाव चार विशेषणांत आटोपलेला. मेहनती, काटकसरी, पाहुणचारी, नीटनेटके. पुढची. साहेबाने बैल एकेक करून मोजले आणि माणसं घाऊक मोजली, हा त्या ग्रंथांतला मला सर्वांत उद्बोधक वाटलेला भाग.

त्याच्या बरोब्बर उलट काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी केलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. आता त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’वर आहेत, गाणाऱ्या बाईच्या नावासकट, गावासकट. पहाटे चारला, घरातले सगळे पुरुष घोरत असताना, सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, भावाबद्दल जे बोलायचं ते बायकांनी जात्याच्या घरघरीत बोलून घेतलं होतं. जातं वाजत असताना ते ऐकू जात नाही, ही त्यातली सोय. ते सगळं आता जगभर ऐकू जातं. त्यातही मला गंमत वाटते ती वर्गीकरणाची. प्रत्येक ओवीला विषयवार क्रमांक. अक्षर, आकडा, उपआकडा, त्याच्या पोटात आणखी एक अक्षर. भाऊ माहेरी न्यायला आला नाही, सासू टोचून बोलली, गळ्यातलं मोडून खाल्लं, सगळ्याला शास्त्रशुद्ध कप्पा. आमच्या आजीची अशी एकेक तक्रार ऐकून घेताना घरातले ‘तेच तेच किती सांगशील’ म्हणायचे. ते तेच तेच नव्हतं. उपप्रकार वेगळा होता.

अमेरिकन मंडळी या बाबतीत आपल्या दोन पावलं पुढे आहेत, त्यांना काहीच टाकवत नाही. अब्राहम लिंकन यांना गोळी लागली त्या रात्री त्यांच्या खिशात काय काय होतं, ते सगळं त्यांच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने जपलं आहे आणि त्याची छायाचित्रं कोणालाही पाहता येतात. दोन चष्मे, रुमाल, खिशातला चाकू, पाकीट, त्यात बंडखोर दक्षिणेकडची पाच डॉलरची नोट आणि वर्तमानपत्रांची नऊ कात्रणं. एक चष्मा मोडलेला, दोऱ्याने बांधलेला. एवढ्या मोठ्या देशाचा अध्यक्ष आणि चष्मा दोऱ्याने बांधून वापरतो, हे पाहून मला तो माणूस एकदम सदाशिव पेठेतला वाटू लागला. कात्रणांमुळे तर खात्रीच पटली. याच ग्रंथालयाने 2010 मध्ये ट्विटरवरचा सगळा सार्वजनिक मजकूर साठवायला घेतला. सगळा म्हणजे सगळा. 2017 संपता संपता त्यांनी हात टेकले आणि यापुढे निवडक तेवढंच घेऊ असं जाहीर केलं. कात्रणं नऊच असतात तोवर ठीक असतं.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मिस फ्रँक बटॉल्फ नावाच्या बाई होत्या. नाव फ्रँक, पण बाई. त्यांनी 1900 पासून हॉटेलांची मेनूकार्डं जमवायला घेतली आणि 25 हजारांच्या आसपास जमवली. शतकानंतर ग्रंथालयाने ती स्कॅन करून लोकांना आवाहन केलं की, यातले पदार्थ आणि किमती टंकून द्या; लोकांनी घरबसल्या लाखो पदार्थ टंकून दिले. एकाने खायचं, दुसऱ्याने जपायचं, तिसऱ्याने टंकायचं. आपल्याकडे हे झालं नाही याचं कारण आपली खानावळ. तिचा ‘आजचा बेत’ खडूने फळ्यावर लिहायचा असे आणि दुपारी दोनला ओल्या फडक्याने पुसायचा. अर्थात जपला असता तरी इतिहासकारांच्या हाती फारसं लागलं नसतं. ‘थालीपीठ संपले. साबुदाणा वडा संपला. चौकशी करू नये.’

या सगळ्या खजिन्याचे आपल्याकडचे खरे पहारेकरी म्हणजे निवृत्त गृहस्थ. दुर्मिळ ग्रंथांचे व्हॉट्सअॅपवर गट असतात. पहाटे साडेपाचला एक जण अडीचशे एमबीची फाइल टाकतो. पाच मिनिटांत खाली पंधरा-वीस ‘अप्रतिम!’, ‘अनमोल ठेवा!’ येतात, एवढ्या वेळात फाइल उतरवूनही झालेली नसते. फाइल पुढे मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर जाते, तिथून हार्ड डिस्कवर, हार्ड डिस्क कपाटात, कपाटाची किल्ली देवघरात. उघडून वाचण्याचा प्रश्न येतो तो फक्त चुकून कोणी शंका विचारली तर. मी अशीच एक विचारली: अमुक पुस्तकात 112 नंतर एकदम 115 वं पान येतं, मधलं कोणाकडे आहे का? गट दोन दिवस शांत होता. मग एकाने तीच फाइल पुन्हा टाकली.

शेवटी मूळ पुस्तक असलेल्या वाचनालयात गेलो. नाव सांगत नाही. काउंटरवरच्या ताईंनी पुस्तकाचं नाव ऐकलं.

“ते ऑनलाइन आहे की.”

“हो, पण त्यात 113 आणि 114 नाही.”

“मग नसेल.”

“म्हणून मूळ प्रत बघायला आलोय.”

“ती आता देत नाही. ऑनलाइन केल्यापासून.”

बराच वेळ गेला. मी वाचनालयाच्या स्थापनेचं साल बरोबर सांगितलं, संस्थापकांच्या तसबिरीकडे आदराने पाहिलं, आणि पंख्याखालची खुर्ची मागितली नाही. तेव्हा त्या आत जाऊन पुस्तक घेऊन आल्या आणि माझ्यासमोर स्वतःच उघडून धरलं. 112 वं पान होतं. समोर 115. मधलं पान कोणीतरी पट्टी लावून सफाईने कापून नेलेलं. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये न उमटलेलं पेन्सिलीचं बारीक अक्षर 115 च्या समासात होतं: ‘येथील पान कोणी फाडले?’ त्याखाली दुसऱ्या हाताने, ‘मी नाही.’ त्याखाली तिसऱ्याने, ‘मीही नाही.’ मग आणखी दोघांनी नुसत्याच सह्या केल्या होत्या.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि ड्रॉवरमधून पेन्सिल काढून पुढे सरकवली.

“तुम्हीही लिहून ठेवा,” त्या म्हणाल्या. “उगाच आळ यायला नको.”